जादा तासाची वेळ

पेपर संपल्याची घंटा झाली आणि मैदानावर मुलींचा एकच गलका उठला. एक मुलगी मात्र अजून वर्गात एकटीच लिहीत होती. अक्षरं लावायला तिला वेळ लागे, म्हणून कायद्याने तिला तासभर जादा मिळत होता. त्यासाठी आईने दोन वर्षं शाळेचे उंबरे झिजवले होते. पण ती बाहेर येईपर्यंत मैदान ओस पडलेलं असे. पेपरावरच्या गप्पा तिच्या वाट्याला कधी आल्याच नाहीत.

आज तिने दोन प्रश्न तसेच सोडले आणि धावत सुटली. तरी फाटकाशी एकटी आईच उभी.

"इतक्यात? सगळं लिहिलंस?"

"नाही. आई, तो तास शेवटीच द्यायचा, असं कायद्यात आहे का गं?"

आईने आठवून पाहिलं. "नाही बाई. शाळेनेच तसा लावला, आणि मीही मान डोलावली."

"मग मला तासभर आधी बसवायला सांग. सुटेन सगळ्यांबरोबर."

"अगं, सकाळी रिकाम्या वर्गात एकटीच बसशील."

"चालेल. नंतर बाकीच्या मुली येतीलच ना."