आमच्या घरात नागपूरचं नाव

आमच्या घरात नागपूरचं नाव काढायची सोय नाही. अमरावतीजवळ वलगावला आमची संत्र्याची बाग आहे. ती संत्री बाजारात गेली रे गेली की त्यांची नागपुरी संत्री होतात आणि आमच्या यजमानांचं डोकं फिरतं. "झाडं आमची, पानी आमचं, अन् नाव त्याहिचं!" हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. अमरावतीच्या विमानतळावरून, बेलोऱ्याहून, मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा हे, म्हणजे भगवंतराव, नवा सदरा घालून ते बघायला गेले आणि घरी येऊन गर्जले, "इमानात बसीन त आपल्या अमरावतीतूनच. नागपूरले जाऊन कधीच नाई." मी हसले. आम्हाला कुठे विमानात बसायचं होतं!

मग रागिणीला, आमच्या लेकीला, दिवस गेले. ती बंगलोरला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, असं ठरलेलं होतं. मी डिंक, खारका, खोबरं सगळं आणून ठेवलं होतं. आणि डॉक्टरांनी तिचा प्रवासच बंद केला. पोरगी फोनवर ढसाढसा रडली. "आई, तूच ये न. मले लय भेव लागून राह्यलं."

लेकीला माहेरी येता येत नव्हतं, तर माहेरानं तिच्याकडे जायला हवं होतं. पण माझ्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, रात्रभराच्या गाडीत बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. इकडे संत्र्याची तोडणी सुरू, त्यामुळे यांचा पाय निघेना. राहिलं विमान. ते काम मी विपुलवर, माझ्या मुलावर, सोपवलं.

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेच्या, लीलाबाईंच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, अकोल्याला जुन्या शहरात. जेवणाच्या पंगतीत विपुल हळूच म्हणाला, "आई, सगळ्या कंपन्या पाहून झाल्या. अमरावतीहून मुंबई, तिथं इमान बदला लागते. मधात किती घंटे बसा लागन, त्याचा नेम नाई. तुह्या कमरीनं नाई जमत."

लीलाबाईंनी ते ऐकलंच. हातात बुंदीचं ताट, तरी तोंड मोकळं. "म्हंजे तुमचं इमान मुंबईपुरतंच हाये म्हना न, दादा! त्याहून आमच्या अकोल्याचं टेसन बरं. कुठंबी जा."

"तुमच्या अकोल्यात त इमानच नाई," भगवंतराव उसळले. "टेसन घेऊन बसले!"

झालं. बहीणभावांची अकोला विरुद्ध अमरावती अशी जुंपली आणि पंगतीतले सोयरेही त्यात हौसेनं उतरले. तिकडे माझी लेक जीव मुठीत धरून बसलेली आणि इथे ही शहाणी माणसं कोणाचं गाव मोठं ते ठरवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दे इकडे तो फोन," मी विपुलला म्हणाले.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. नकाशाला मी भीत नाही. विमान कंपनीच्या पानावर आपलं शहर टाकलं की तिथून मध्ये कुठेही न थांबता कुठे कुठे जाता येतं, ते खाली दिसतं. विपुलनं टाकलं होतं अमरावती. प्रत्येक कंपनीच्या पानावर त्यानं अमरावतीच टाकलं होतं. बापाचा लेक तो, दुसरं काय टाकणार! मी ते पुसलं आणि नागपूर लिहिलं.

विपुलचा घास हातातच राहिला. "आई! बाबा पाहून राह्यले."

"पाहू दे."

खाली शहरांची नावं भराभर उलगडली आणि त्यात होतं बंगलोर! सकाळचं विमान. बदलायचं नाही, थांबायचं नाही. मी अशी ओरडले की नवरदेवाच्या आईनं दचकून डोक्यावरचा पदर सावरला.

"नागपूरहून?" भगवंतरावांनी शिवी ऐकल्यासारखं तोंड केलं.

"व्हय, नागपूरहून! तुमच्या संत्र्याले नागपूरचं नाव लागलं, म्हून ते कडू झाले काय?"

सगळी पंगत हसली. हे हात धुवून उठले आणि वलगाव येईपर्यंत माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मला वेळ नव्हता, मी मनातल्या मनात डिंकाचे लाडू वळत होते.

निघायच्या दिवशी नागपूरपर्यंत सोडायला विपुल आला. हे फाटकापाशीच थांबले. पण गाडीत संत्र्यांची एक पेटी आधीच ठेवलेली होती आणि तिच्यावर तांबड्या रंगात, भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'वलगाव'.

विमान वर गेलं तेव्हा मी खिडकीला नाक लावलं. मग खाली काळी शेतं दिसली, एवढी एवढी, आणि मला हसू आवरेना. आमच्या घराण्यात पहिल्यांदा विमानात बसलेली बाई मी, आणि तेही एकटी! शेजारच्या माणसाला मी लाडू दिला. दुपारच्या जेवणाला मी रागिणीच्या घरी होते. ती दारातच माझ्या गळ्यात पडली आणि किती तरी वेळ सोडेचना.

वेळेवर पोचले म्हणायचं. दोनच रात्री गेल्या आणि तिला कळा सुरू झाल्या. शेवटपर्यंत माझा हात तिच्या हातात होता. तिनं तो असा आवळला की बांगडी पिचली. मग बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मीही रडले, पोटभर.

यांना फोन लावला. "नात झाली तुमाले."

 यांनी आधी विचारलं, "कोनासारकी हाये?"

"तुमच्यासारकी. कपायावर आठी घेऊनच आली."

"मी येतो," ते एकदम म्हणाले. "तोडणी पाहातीन गडीमानसं. विपुलले तिकीट काढाले सांगतो."

मला राहवलं नाही. "बेलोऱ्याहून न? पन मुंबईत बदला लागते, बरं."

 हे हळू आवाजात काहीतरी पुटपुटले.

"काय म्हनलं? ऐकू नाई आलं." मी फोनचा आवाज मोठा केला आणि रागिणीच्या खाटेजवळ धरला.

"नागपूर म्हनलं!" भगवंतराव ओरडले. "नागपूरहून येतो! डायरेक्ट!"

रागिणी पोट धरून हसली. दुखत होतं तिला, तरी हसली.