माझ्या अंगावरची परकी पाटी

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या चकचकीत पितळी पाटीवर विश्वास ठेवू नका. मी एक जुने वाफेचे इंजिन आहे, एवढे खरे. पण पाटीवरचा नंबर माझा नाही, शेजारच्या इंजिनाचा आहे. संग्रहालयात आणल्यावर रंगाऱ्यांनी आम्हा दोघांच्या पाट्या पॉलिश करायला काढल्या आणि गप्पांच्या नादात अदलाबदल करून बसवल्या. तेव्हापासून शेजाऱ्याच्या पराक्रमांबद्दल लोक माझी पाठ थोपटतात. दुसऱ्याच्या कौतुकाने कुणाचे पोट भरते का?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. घणाचे घाव सोसले, पण मी पहिली वाफ धरली तेव्हा सगळे कारागीर हातातली कामे टाकून बघायला आले होते. पुढे कित्येक वर्षे मी मालगाड्या ओढल्या. माझे ड्रायव्हरदादा तोंडाचे फटकळ. चढावर मला दम लागला की वाटेल ते बोलायचे, आणि माथ्यावर पोचलो की हळूच थोपटायचे.

हिसक्यांनी त्यांचा जेवणाचा डबा सारखा पडायचा. म्हणून एकदा त्यांनी घरून वेलीची नक्षी असलेली मोडकी पळी आणली, तिचा दांडा माझ्या भट्टीत तापवून वाकवला आणि केबिनच्या दाराशी हूक म्हणून पक्का बसवला. न विचारता पळी उचलल्याबद्दल बायकोने त्यांना चांगलेच फैलावर घेतले. ते त्यांनी कोळसा टाकणाऱ्या जोडीदाराला हसत हसत सांगितले, तेव्हा मीही ऐकत होते.

मग डिझेलची इंजिने आली आणि मी यार्डाच्या कोपऱ्यात गंजत पडले. धुराड्यात पाखरांनी घरटी केली. संग्रहालयात आणले तेव्हा वाटले, दिवस पालटले. पण इथे माणसे फोटो काढतात आणि पुढे जातात. संध्याकाळी दारे लागली की फार एकटे वाटते.

परवा एक आजी सुनेला घेऊन आल्या. त्यांनी पहारेकऱ्याला एक नंबर सांगितला. तो माझा होता! नवऱ्याने ज्या इंजिनावर जन्म काढला ते एकदा डोळ्यांनी बघायचे होते, म्हणाल्या. पहारेकऱ्याने सरळ शेजाऱ्याकडे बोट दाखवले. आजी त्याच्या चाकाला हात लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, आणि मी चार हातांवर नुसते बघत राहिले. शिट्टी वाजवावी, तर पोटात वाफ नाही.

आजींनी पहारेकऱ्याला वर चढून हूक शोधायला लावले. तो खाली उतरला आणि म्हणाला, गेला असेल भंगारात.

तोवर सून कंटाळून माझ्या पायरीवर टेकली होती. निघताना आजींनी पिशवी कुठे म्हणून विचारले. सुनेने माझ्या केबिनकडे बोट दाखवले. पिशवी दाराशीच लटकत होती. आजी जवळ आल्या, चष्मा सारखा केला, पिशवी सुनेच्या हातात दिली आणि हुकावरची वेल अंगठ्याने चाचपली.

"ही माझी पळी आहे," त्या म्हणाल्या. "पाटी कुणाची का असेना, यांचं इंजिन हे आहे."

मग त्यांनी मला थोपटले, अगदी दादा थोपटायचे तिथेच. मला रडता आले असते तर मी रडले असते.

मित्रांनो, आम्हाला रंग द्या, पॉलिश करा. पण आधी आम्ही कोण, ते नीट विचारून घ्या. पाटी अजून तशीच आहे. तुम्ही आलात तर केबिनच्या दाराशी बघा. हूक रिकामा आहे. आजींचे वय झाले आहे, त्या पुन्हा येतील की नाही, मला ठाऊक नाही.