फोटोच्या बाटल्या

"थांबा बाई, तो डबा उघडू नका."

सुरीचं टोक पत्र्यावर टेकलेलं, तसाच बाटलीबाईंचा हात थांबला. सभागृहात सतरंजीवर बसलेल्या बायका माना उंच करून टेबलाकडे बघू लागल्या. थोरली उठून पुढे आली. ती गावच्या बचत गटाची प्रमुख. तिने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि हळूहळू फिरवला. पत्र्यावर हिरवागार पोपट छापला होता, चोचीत पिकलेलं अंजीर धरलेला.

"धाकटे, इकडे ये गं. बघ कोण आलंय."

धाकटी म्हणजे तिची जाऊ. तिने पदराने हात पुसले, डब्यापाशी वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई, जावई! हंगामात येतो, पाट्या भरभरून नेतो आणि नंतर तोंडही दाखवत नाही. आज बरा वाट चुकला!"

बायका खळखळून हसल्या. मग एकेकीच्या लक्षात आलं, तसतसं हसू विरत गेलं.

हा पोपट त्यांच्या ओळखीचा होता. अंजिराच्या दिवसांत संध्याकाळी एक ट्रक यायचा, त्याच्या दारावर हाच पोपट रंगवलेला असायचा. झाडाखाली पडलेली, फुटलेली, अतिपिकलेली अंजिरं तो गोळा करून न्यायचा. बायका सांगतील त्या भावाने नाही, तो म्हणेल त्या भावाने. कारण अंजीर थांबत नाही. सकाळचं फळ संध्याकाळी पिचतं, दुसऱ्या दिवशी आंबतं आणि त्यावर गांधीलमाश्यांचं राज्य सुरू होतं. ट्रकवाल्याला हे ठाऊक होतं. म्हणून तो मुद्दाम संध्याकाळीच यायचा.

"म्हणजे ही आमचीच," थोरली म्हणाली. "आमच्याकडून नेली, कारखान्यात शिजवली, डब्यात भरली. आणि आता आम्हालाच जॅम शिकवायला विकत आणली. पाटीभर अंजिराचं आमच्या हातावर जे ठेवतात ना बाई, त्यात हा एक डबासुद्धा यायचा नाही."

बाटलीबाईंनी सुरी खाली ठेवली.

"गेल्या वर्षी याच टेबलापाशी उभं राहून तुम्ही काय म्हणाला होतात?"

"येईन म्हणाले होते. फळ झाडावर असताना."

"मग?"

"ऑफिसला सारखी विचारत होते. मंजुरी आत्ता आली."

"आमचंच चुकलं," धाकटी म्हणाली. "झाडांना सांगून ठेवायला हवं होतं. पिकू नका गं बायांनो, मंजुरी यायचीय."

या वेळी कुणी हसलं नाही. खिडकीबाहेर अंजिराची झाडं उभी होती. पान नाही, फळ नाही, नुसत्या राखाडी फांद्या.

बाटलीबाई हे त्यांचं नाव नव्हे. गटागटांतल्या बायकांनीच ते पाडलं होतं, कारण त्या जिथे जातील तिथे काचेच्या बाटल्या उकळताना दिसत. शिकवणं हेच त्यांचं काम. फळं वाया जाऊ न देता त्यांचं काय करता येईल, ते बाटलीत कसं भरायचं, दुकानदाराशी काय बोलायचं. एक पत्र्याची पेटी, त्यात जाड बुडाचं पातेलं, वजनकाटा, चाळण्या, थर्मामीटर. एसटीच्या टपावर पेटी चढवणारे हमालसुद्धा त्यांना ओळखत. नोकरी कायमची नव्हती. दरवर्षी करार, दरवर्षी साहेबांची सही. घरी भाड्याची खोली आणि अंथरुणाला खिळलेली मोठी बहीण. ती सही झाली नाही तर काय, हा विचार त्या कधी पुरा करत नसत.

रोज पहाटे त्या देवापुढे दिवा लावत आणि हात जोडून एकच गोष्ट मागत. आज माझ्या तोंडून कुणासाठी वाईट शब्द निघू नये. इतकी वर्षं त्यांनी ते पाळलं होतं. राग यायचा नाही असं नाही. पण त्यांचा राग आवाजात उतरत नसे, हातात उतरायचा. त्या रागावल्या की पातेली आरशासारखी घासली जात.

त्या सभागृहाच्या मागच्या दारी गेल्या आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, डब्यातला गर बायकांना नको आहे. हंगामात पुन्हा येऊ या का? तीन दिवसांचे दोनच दिवस द्या. मी माझ्या भाड्याने येईन."

"बाई, तुम्हाला फळ शिकवायचंय की पद्धत?"

"पद्धत फळाचीच असते ना साहेब."

"महिना संपायच्या आत खर्च दाखवायचाय. झाडं माझ्या ऐकण्यातली नाहीत. परवा मी येतो, सर्टिफिकिटं वाटायची, फोटो काढायचा, विषय संपला. आणि जरा सांभाळून घ्या. तुमचं पुढच्या वर्षाचं माझ्याच टेबलावर आहे, हे मी सांगायला नको."

"नको सांगायला," बाटलीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या आत आल्या. डबा टेबलावर तसाच होता. त्यांनी तो उचलून खाली कोपऱ्यात ठेवला, पोपटाचं तोंड भिंतीकडे करून.

"आज विकायचं शिकू या," त्या म्हणाल्या. "धाकट्या बाई, तुम्ही दुकानदार व्हा."

धाकटीला हेच हवं होतं. टेबलामागे खुर्ची ओढून ती पाय पसरून बसली, पदर पोटावरून आवळून घेतला, कानात काडी घातल्याचा आव आणला. थोरली ग्राहक नव्हे, विकणारी. ती समोर येऊन उभी राहिली.

"नमस्कार भाऊ. आम्ही अंजिराचा जॅम करतो."

"करा की. मी अडवलंय?"

"तुमच्या दुकानात ठेवाल का?"

"बघू. माल आणलाय?"

थोरली थबकली. "आत्ता नाही."

"घरी आहे?"

"घरी पण नाही."

"मग बाई, कशाला आलात? उन्हातान्हात फिरायची हौस आहे म्हणून?"

हे नाटक होतं, सगळ्यांना माहीत होतं. तरी थोरलीचा चेहरा उतरला. धाकटीने कानातली खोटी काडी काढली, खुर्ची मागे सारली आणि म्हणाली, "जाऊबाई, मला नाही जमायचं हे. पुढे जीभ रेटत नाही."

बाटलीबाईंनी तो दिवस बाटल्या उकळायला शिकवण्यात घालवला. पाणी, बाटली, झाकण, चिमटा. बायका मुकाट्याने शिकल्या. त्यात अर्थ होता म्हणून नव्हे, तर समोर उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा त्यांना बघवेना म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा साहेबांचा फोन आला. उद्या सकाळी येतो म्हणाले. "जॅम झाला नसला तरी हरकत नाही. फोटोच्या बाटल्या आहेत ना पेटीत?"

होत्या. गेली कितीतरी वर्षं होत्या. पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. जिथे माल तयार होत नसे तिथे त्या बाहेर निघत, त्यांवर त्या वेळच्या मालाचं लेबल चिकटे, बायका त्या हातात धरून उभ्या राहत, फोटो निघे, आणि बाटल्या पुन्हा पेटीत जात. बाटलीबाईच त्या गुंडाळून ठेवत. ऑफिसने सांगितलेलं काम म्हणून. त्याबद्दल बोलायचं नसतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

त्यांनी एकेक बाटली काढून टेबलावर मांडली. आत तांबूस काळं काहीतरी होतं, वर साखरेची पांढरी खपली. ऑफिसातून आलेली नवी लेबलं शेजारी ठेवली. लेबलावर एक हसरी बाई होती. कुठलीच नव्हती ती, छापखान्याची.

"हे काय?" थोरलीने विचारलं.

"उद्याच्या फोटोसाठी."

"हा जॅम आम्ही केलेला?"

बाटलीबाईंनी मान हलवली. नाही.

थोरलीने एक बाटली उचलली. जुन्या लेबलाचा कोपरा सुटला होता. तिने नखाने तो ओढला. खाली दुसरं लेबल निघालं, बोरांचं. ते ओढलं. खाली गाजराचं. त्याच्याखाली आणखी एक होतं, इतकं फिकट की फळ कुठलं ते कळत नव्हतं.

"गेल्या वर्षी आमच्याकडे आली होती तेव्हा गाजराची होती," ती म्हणाली. "मी धरली होती, नमुना म्हणून. हीच. झाकणाला हा पोचा होता. आमच्या यांनी तो फोटो फ्रेम करून लावलाय घरात. आल्यागेल्याला दाखवतात. आमच्या हिने केलं म्हणून."

तिने बाटली उजेडाकडे धरली.

"एवढ्या बायकांच्या हातांतून गेली ही," थोरली म्हणाली. "त्या सगळ्या अशाच हसल्या असतील. आणि कुणाच्याच तोंडात काही गेलं नाही. बाई, तुम्ही देवाधर्माच्या. सकाळी डोळे मिटून बसलेलं बघते मी तुम्हाला. हे तुमच्या देवाला दाखवता का हो?"

बाटलीबाईंनी बाटली थोरलीच्या हातातून घेतली. पदर खोचला. सगळ्या बाटल्या टोपलीत घातल्या आणि मागच्या दारच्या नळाशी नेल्या. झाकणं गंजून घट्ट बसली होती. एक फिरेना, तशी त्यांनी ती दगडाच्या कडेवर हाणली. झाकण निघालं. आतला गोळा सुरीने खरवडायला घेतला. तो चिवट होता, डिंकासारखा. त्या खरवडत राहिल्या. हाताला कापलं तरी थांबल्या नाहीत. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. या हळू बोलणाऱ्या बाईच्या खांद्यांत एवढा जोर कुठून आला, असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं.

मग धाकटी पुढे झाली आणि शेजारी उकिडवी बसली. "आणा इकडे एक. तुम्ही एकट्याच किती पापं धुणार?"

थोरलीने गरम पाणी आणलं. गोळे राखेच्या खड्ड्यात गेले. लेबलं भिजून, थराथराने सुटून, मोरीच्या जाळीशी साठली. सगळ्यांत खालच्या लेबलाखाली नुसती काच होती. स्वच्छ निघाली.

सकाळी साहेबांची जीप आली तेव्हा बायका सभागृहाबाहेर उन्हात उभ्या होत्या. ड्रायव्हरच फोटो काढायचा. साहेबांनी हार, सर्टिफिकिटं, ओळीत उभं राहणं, सगळं भराभर उरकलं.

"चला, बाटल्या घ्या हातात."

बायकांनी घेतल्या. ऊन त्यांच्यातून आरपार आलं.

ड्रायव्हरने मोबाइल खाली केला. "साहेब, रिकाम्या आहेत."

साहेब बाटलीबाईंकडे वळले. बायकांसमोर आवाज दाबून म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

"बाटल्या उकळायचं शिकवलं साहेब. तेवढंच शिकवता आलं."

"त्या दुसऱ्या बाटल्या कुठायत?"

"याच त्या."

साहेबांच्या कपाळाची शीर फुगली. "बाई, तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय करताय?"

"कळतंय," बाटलीबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडी खूप काही आलं होतं. वाईट शब्द होते, चांगले धारदार, गेल्या वीसेक वर्षांत साठलेले. त्यांनी ते गिळले. देवाला दिलेला शब्द होता आणि तो साहेबांसाठी मोडावा इतके साहेब मोठे नव्हते.

"खाली ठेवा त्या," साहेब ओरडले.

थोरलीने ठेवली नाही. उलट आणखी उंच धरली, तोंडासमोर. मग धाकटीने, मग बाकीच्यांनी. काचांमागे सगळ्यांचे चेहरे वेडेवाकडे, मोठे दिसत होते. मागे निष्पर्ण झाडं होती.

"काढ रे," थोरली ड्रायव्हरला म्हणाली. "आमच्याकडे आज जे आहे, ते आहे."

ड्रायव्हरने साहेबांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि काढला.

साहेब जीपमध्ये बसले तेव्हा शेजारच्या सीटवर पोपटाचा डबा होता, न उघडलेला. धाकटी दारापाशी उभी होती. "तुमचा पाहुणा साहेब. तुमच्याच ऑफिसातून आला होता."

जाताना साहेबांनी काच खाली केली. "बाई, पुढच्या वर्षी ऑफिसातून फोन आला नाही तर वाट बघू नका."

जीप गेली.

बाटलीबाई आत गेल्या. पेटीतलं जाड बुडाचं पातेलं, काटा, चाळण्या, थर्मामीटर त्यांनी एकेक करून टेबलावर मांडलं. "साखर आधी नका घालू," त्या थोरलीला म्हणाल्या. "गर शिजू दे. मग थेंबभर थंड बशीत टाकून बघा, पसरला नाही की उतरवा. ट्रक यायच्या आधी सुरुवात करा. दुपारीच."

"हे सगळं तुमचं आहे बाई."

"होतं."

"तुम्ही काय करणार?"

"घरी बहीण आहे," बाटलीबाई म्हणाल्या, जणू हेच उत्तर होतं.

धाकटी बस थांब्यापर्यंत सोडायला आली. मागे सभागृहाच्या कट्ट्यावर बाटल्या पुन्हा विसळून कापडावर पालथ्या घातलेल्या होत्या, अजून थेंब ओघळत होते. बस आली. थांब्यावर हमाल नव्हता, तेव्हा बाटलीबाईंनी स्वतःच दोन्ही हातांनी कडी धरली आणि रोजच्या सवयीने सगळा जोर लावून ती उचलली.

पेटी इतकी अलगद वर आली की त्यांचा तोल गेला. धाकटीने धरलं म्हणून त्या पडल्या नाहीत.