पाळीची गाडी

गोपालने गुडघे टेकून गाडीखालची परात बाहेर ओढली आणि तिच्यात साचलेलं काळं तेल पाहून तिथेच फरशीवर बसकण मारली. गाडी घरी येऊन दोनच रात्री झाल्या होत्या. तेवढ्यात वाटीभर तेल परातीत आणि तितकंच परातीबाहेर. एका ठिकाणाहून गळत असती तर माणसाने तिथे भांडं ठेवून नाद सोडला असता. पण हिचं गळणंही लहरी होतं. आज पुढून, उद्या मधूनच कुठून तरी.

सुरभी, त्याची बायको, दारात उभी राहून बघत होती. परात तिच्या माहेरची, कणीक मळायची. ती गाडीखाली गेली त्याच दिवशी सुरभीने तिच्यावर पाणी सोडलं होतं. तरी नजरेला पडली की जीव जळायचा तो जळायचाच.

"परात गेली ते गेली," ती म्हणाली, "आता अंगनबी चाललं."

"आजचा दिवस सोस. आज जाते ना ती नागपूरले."

"असं तुमी लय खेपा म्हनलं."

"या खेपी गिऱ्हाईक येऊन राह्यलं. चार वाजता, अफरोजच्या गॅरेजवर. फोटो पाहूनच पसंत केली त्यानं."

"फोटोत तेल दिसत नाई." मग जरा थांबून, पदराच्या टोकाशी चाळा करत तिने विचारलं, "मोठ्या दादांले सांगतलं?"

"अफरोजच्या हातून निरोप धाडलता. तुही मर्जी, म्हने."

मोठ्या दादांचा विषय या घरात निघालाच तर तिसऱ्या वाक्याला संपत असे.

गाडी आबांची, म्हणजे गोपालच्या वडिलांची. पांढरकवड्यात आयुष्यभर कापसाचा व्यापार केलेल्या आबांना उतारवयात एकच हौस सुचली. नागपूरच्या कुण्या डॉक्टरने वापरून सोडलेली ही लांबलचक निळी जर्मन गाडी त्यांनी घरी आणली. मागच्या सीटवर धोतर सावरून बसायचं आणि कापसाच्या गंजीपाशी जाऊन उतरायचं, एवढाच तिचा उपयोग. एकदा तर त्यांनी म्हशीसाठी सरकीची पोती तिच्या डिकीतून नेली. लोक हसले, तेव्हा आबा त्यांच्याहून मोठ्याने हसले होते.

आबा गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. थोरले वामनराव, म्हणजे मोठे दादा, केळापूरच्या घरी राहिले, गोपालकडे पांढरकवड्यातलं घर आलं. शेताचे दोन भाग झाले, भांडीकुंडीही झाली. विहीर आणि गाडी तेवढी कापता येईना. मध्यस्थीला बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, विहिरीला जशी पाळी लावता तशी गाडीलाही लावा. अमावास्येपासून पुनवेपर्यंत धाकट्याकडे, पुनवेपासून अमावास्येपर्यंत थोरल्याकडे. एरवी हसण्यावारी गेली असती अशी गोष्ट, पण त्या दिवशी हसायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं, आणि तेच ठरून गेलं. एकाने सकाळी गाडी अफरोजच्या गॅरेजवर आणून लावायची, दुसऱ्याने संध्याकाळी न्यायची. म्हणजे एकमेकांचं तोंड बघायलाही नको. वाटणीच्या बैठकीत नेमकं कोण काय बोललं ते आता दोघा भावांना धड आठवतही नसावं. अबोला मात्र चार वर्षं अगदी ठणठणीत राहिला होता.

विहिरीचं बरं चाललं. गाडीचं बिनसलं ते पहिल्याच वर्षी. गोपाल बायकापोरांना घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघाला होता. वाटेतल्या जंगलात इंजिन खडखडायला लागलं, धूर निघाला आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. दोन लेकरं उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिली. धाकटीला तर उलट्या सुरू झाल्या. अफरोज धावत आला, त्याने बोनेट उघडलं आणि सांगितलं की इंजिनात तेलाचा टिपूसही नाही. गाडी आदल्याच दिवशी दादाकडून आली होती. त्या दिवशी गोपालने कानाला खडा लावला. दादाने कोरडी गाडी पाठवली, लेकरं बसणार हे माहीत असून पाठवली, हे त्याच्या मनात रुतून बसलं. तो त्यावर कधी ओरडला नाही की कुणाला जाब विचारायला गेला नाही. ओरडला असता तर कदाचित लवकर बरं झालं असतं.

तेव्हापासून गाडी घरी आणली की त्याच संध्याकाळी तो इंजिनात तेलाचा एक डबा रिकामा करायचा. डबा मुद्दाम यवतमाळहून आणायचा. अफरोजकडून घेतला असता तर दादाच्या कानावर गेलं असतं, आणि गोपाल निमूट सोसतो एवढं समाधान त्याला दादाला द्यायचं नव्हतं. परवाही त्याने डबा ओतला होता. आज ती कटकट कायमची जाणार, म्हणून खरं तर त्याला हलकं वाटायला हवं होतं. परात कोपऱ्यात आपटून त्याने गाडी बाहेर काढली.

हमरस्त्याच्या कडेला अफरोजचं गॅरेज. बाहेर ट्रकच्या टायरांची रास, आत एक खड्डा आणि खड्ड्यावर बहुतेक वेळा ही निळी गाडी. तिच्या पायी अफरोजने काय नाही केलं! वरचं पॅकिंग दोनदा बदललं, मागचं सील बदलायला अख्खं इंजिन उतरवलं. गळती चार दिवस थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. मग गाडीपेक्षा अफरोजचंच तोंड उतरायचं.

"अफरोजभाई, खालून पुसून चक करून दे," गोपाल म्हणाला. "अन् तेल बदल. गिऱ्हाइकानं झाकन खोललं तं अंदर ताजं दिसलं पायजे."

"अन् त्याच्यासमोरच गळालं तं?"

"चार ते पाच नाई गळालं पायजे. मंग तो जाने अन् त्याचं नशीब."

अफरोजला हे आवडलं नाही. हातातलं फडकं त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ झटकलं. मग खड्ड्यात उतरून त्याने खाली टब सरकवला आणि बोल्ट सैल केला. काळ्या तेलाची धार लागली. गोपाल स्टुलावर बसून फोनमध्ये गिऱ्हाइकाचा निरोप बघत होता. रजत नावाचा नागपूरचा पोरगा. वाटेत आहे, वेळेवर पोहोचतो, असं त्याने कळवलं होतं.

"गोपालभाऊ," खड्ड्यातून आवाज आला, "तो दुसरा टब सरकवा जरा."

"काहून?"

"हा भरला."

गोपालने टब सरकवला. धार अजून जोरातच होती. अफरोज खड्ड्यातून वर आला, कमरेवर हात ठेवून दोन्ही टबांकडे बघत राहिला. धार बारीक होऊन थेंबांवर आली तेव्हा त्याने सगळं तेल मापाच्या डब्याने मोजून काढलं. आठ लिटर तेल मावणारं इंजिन. दहा भरले आणि वर थोडं उरलं.

"असं कसं होईन?" गोपाल म्हणाला. "गळते ना गाडी. कमी निंगाले पायजे."

दुसऱ्या गाड्यांना तेल बघायची सळई असते. या गाडीला ती नव्हतीच. आकडा पुढच्या पडद्यावर दिसायचा, आणि तो पडदा केव्हाच बंद पडला होता. त्यामुळे चार वर्षं सगळाच अंदाज. अफरोज उलट्या बादलीवर बसला आणि फडक्याने बोटं एकेक करून पुसू लागला.

"भगोनं काठोकाठ भरून चुलीवर ठेवलं तं दूध कुठी जाईन?" तो म्हणाला. "तसंच होऊन राह्यलं. तेल जास्त झालं म्हनून गळते ही. जिथं जागा भेटन तिथून बाहेर फेकते. अन् मी पागल, पॅकिंग बदलून राह्यलो. गळते म्हनजे कमी पडते, एवढंच डोस्क्यात होतं माह्या. मोजाचं सुचलंच नाई कधी." मग त्याने वर पाहिलं. "तुमी टाकता का तेल?"

"पाळीच्या पयल्या दिवशी. एक डबा."

"या अल्ला," अफरोज हळूच म्हणाला.

"काहून? काय झालं?"

"मले बोलाचं नव्हतं. कसम घातलती मले." त्याने बोटं पुसणं थांबवलं. "दादासाहेब पाळी सोडाले येतात ना सकाळी, तवा माह्याकडून डबा घेतात. सोताच्या हातानं ओततात, मले हात लावू देत नाईत. दर खेपी. तुमची गाडी जंगलात बंद पडलती ना, लेकरं संग असतानी? ते मीच सांगतलं होतं त्याईले. इथंच बसलते, या स्टुलावर. लय वेळ उठले नाईत. त्याईले मालूमच नव्हतं भाऊ, तेल खतम झालं म्हनून. पडदा तवाच बंद पडला होता ना. त्या दिवसापासून टाकतात. म्हने, गोपालले सांगशीन तं पुन्हा तुह्या दारी येनार नाई."

गोपाल स्टुलावरून उठला. रस्त्यावरून कापसाने भरलेला एक ट्रक गेला आणि बराच वेळ त्याचाच आवाज कानात भरून राहिला. सकाळी दादाचा डबा, संध्याकाळी आपला. एकाच दिवशी, एकाच भोकातून. चार वर्षं. जो राग त्याने एवढा जपून वाढवला होता त्याला उभं राहायला जागाच उरली नाही, आणि त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. दादा इथे त्या स्टुलावर बसून राहिला होता, हे काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

"आता एकानं तं बंद केलंच पायजे," अफरोज खाली बघत म्हणाला. "म्हनजे, राह्यली गाडी तं. नाईतं मंग काय."

गोपाल बाहेर टायरांच्या राशीपाशी गेला. फोन काढला, परत खिशात घातला, पुन्हा काढला. नंबर शोधायला लागला नाही. तो त्याने कधी पुसलाच नव्हता. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि आता उचलत नाही असं वाटत असतानाच आवाज आला.

"गोपाल? कुठी बंद पडली गाडी? लेकरं हायेत का संग?"

काय बोलायचं ते गोपालने मनात जुळवलं होतं. ते सगळं एकदम विसरलं.

"नाई," तो म्हणाला. "नाई, गाडी बरी आहे. मी एकटाच आहो. अफरोजकडे."

"मंग?" वामनरावांचा श्वास फोनमधून ऐकू येत होता, शेतातून कडेला चालत आले असावेत. "पन्नास खेपा सांगतलं अफरोजले, गाडी बंद पडल्याचा फोन आला तं पयले मले..." ते थांबले. "बोल ना."

"दादा, तू तेल टाकनं बंद कर."

"काय म्हनलं?"

"मीबी टाकत होतो," गोपाल म्हणाला. "दर पाळीले. दोघांचं मिळून लय झालं, म्हनून गळत होती."

"तू कायले टाकत होता? मी भरून पाठवत होतो ना."

खोटं बोलता आलं असतं. "मले वाटे, तू कोरडी पाठवतं."

पलीकडे शेतात कापूस वेचणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारत होत्या, ते ऐकू येत होतं. गोपालने डोळे मिटून घेतले. फोन ठेवला जाईल असं त्याला वाटलं, आणि ठेवला गेला तर ते बरोबरच होईल असंही वाटलं.

"असं," अखेर वामनराव म्हणाले. एवढंच. मग घसा खाकरून, "पन तू तं विकून राह्यला ना ती? मंग तेल कोनी टाकाचं अन् कोनी नाई, याचं आता काय?"

गोपालच्या कानाशी फोन मध्येच टुकटुकला. त्याने तो समोर धरून पाहिलं. रजतचा फोन येत होता. नाव पडद्यावर थोडा वेळ राहिलं आणि गेलं.

"आहेस का?" वामनरावांनी विचारलं.

"आहो ना." गोपालने फोन पुन्हा कानाला लावला. "पुनवेले गाडी तुह्याकडे येईन. तेल बराबर भरून येईन. तू त्याच्यात काई टाकू नोको, एवढंच सांगाले फोन केला."

"मी काहून नाई टाकाचं? तू नोको टाकू. तुले काय समजते गाडीतलं?"

"अन् तुले समजते? दहा लिटर निंगालं त्याच्यातून."

"त्याच्यातलं तुहं किती होतं ते सांग पयले."

"दादा, मी टाकीन म्हनलं ना."

"मी मोठा आहो. मी टाकीन. तुह्या लेकराईले घेऊन जातं तू तिच्यात, मले झोप येत नाई."

"तुह्याबी घरचे बसतात ना तिच्यात? वहिनी बसत नाई?"

"तिचं नाव मंधात आनू नोको."

बोलता बोलता गोपाल गॅरेजात आला होता आणि गाडीभोवती फेऱ्या मारत होता. आवाज चांगलाच चढला होता. रस्त्यावरचा पानवाला मान वळवून बघू लागला. अफरोजने बोल्ट घट्ट आवळला, हात पुसले आणि भांडण बराच वेळ चालेल असा अंदाज बांधून स्टूल हळूच गोपालच्या मागे सरकवलं.