पत्ते सरकतील असं टेबल

आमच्या धाकट्या लेकीनं, रोंडानं, दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नात माझ्या बायकोच्या, डल्सीच्या हातून पेलाभर वाइन नव्या जावयाच्या पॅन्टवर सांडली. सगळे हसले, जावईसुद्धा हसला. पण पेला खाली ठेवल्यावरही तिचा हात थरथरतच राहिला, तेव्हा आम्ही दोघं हसायचं थांबलो.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हात हळूहळू आणखी बिघडतील हेही सांगितलं. डल्सीला वाईट वाटलं ते पत्त्यांचं. मी मेंढ्या कातरायचो त्या टोळीला ती रांधून घालायची तेव्हापासून दुपारी एकटीनं पत्ते लावायची तिची सवय. आता एक पत्ता उचलला की तीन उडायचे. मग तिनंच वाट काढली. पत्ता उचलायचा नाही, बोटानं सरकवायचा. पण आमच्या व्हरांड्यातलं टेबल जुन्या फळ्यांचं, पत्ता प्रत्येक फटीत अडकायचा.

"मला गुळगुळीत टेबल हवं," ती म्हणाली. "आणि चहा पुसता यायला हवा. तो सांडणारच आहे."

"मी करतो," मी म्हणालो.

"विकत मिळतं, आल्फ."

"मी करतो म्हटलं ना."

चर्चमागच्या शेडमध्ये आम्ही गावातले निवृत्त म्हातारे सुतारकाम करतो, म्हणजे चहा पितो आणि दोन कपांच्या मध्ये लाकूड कापतो. तोवर मी तिथं पक्ष्यांचं एक घर केलं होतं. त्यात एकही पक्षी शिरला नव्हता. एवढ्या अनुभवावर मी प्लायवूड आणलं.

टेबल उभं राहिलं, डगमगलंही नाही. प्लायच्या कडा रंग पितात म्हणून कडांना लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, काचपेपरनं घासली, प्रायमर मारला, पुन्हा घासलं. उरला फक्त रंग. वाचायला मी साठीत शिकलो, त्यामुळे रंगाचा डबा मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. रंगाआधी धूळ स्वच्छ कापडानं पुसा, असं त्यावर लिहिलं होतं. वाचून झाल्यावर मी कापड बाजूला ठेवलं आणि घरून आणलेल्या पोत्यातून मूठभर लोकर काढली. आयुष्यभर मेंढ्या कातरलेला माणूस बूट, चष्मा, कात्री, सगळं लोकरीनंच पुसतो. मऊ असते, धूळ धरते. डबा लिहिणाऱ्यानं मेंढी पाहिली नसणार, असं मनाशी म्हणत मी टेबल पुसलं आणि निळा ऑइलपेंट मारला.

माझ्या डोळ्यांदेखत रंग मागे सरला. जागोजाग बारीक खळगे पडले.

मर्व्ह शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. तो कप घेऊन आला आणि टेबलावर वाकला. "आल्फ, हे टेबल आहे की चंद्र?"

"तुझ्या पाइपच्या धुरानं झालंय."

"माझ्या पाइपनं आजवर फक्त माझी बायको गेली. टेबल गेलेलं नाही."

मी सगळं घासून काढलं. या वेळी धुळीचा कणही राहायला नको, म्हणून लोकर दुप्पट घेतली. खळगेही दुप्पट पडले. मग मी उन्हाला दोष दिला, माश्या मारायच्या फवाऱ्याला दिला, रंगाच्या दुकानदाराला दिला. पुन्हा घासलं, पुन्हा पुसलं. प्लायचा वरचा थर दिसायला लागला, तेव्हा मर्व्हनं माझ्या हातातून काचपेपर काढून घेतला. टेबल गाडीत घालून मी घरी नेलं.

डल्सीनं खळग्यांवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"लोकरीनं पुसलंस?"

"मऊ असते."

"चाळीस वर्षं मेंढरं कातरलीस. शेतकऱ्यांचे हात फुटायचे आणि तुझे लोण्यासारखे राहायचे, ते कशानं रे?"

"लोकरीच्या तेलानं."

"मी केकच्या भांड्याला लोणी कशाला लावते?"

"केक सुटावा म्हणून."

"मग रंगानं काय पाप केलंय?"

त्यानंतर दोन दिवस ती मला 'मेंढरा' म्हणूनच हाक मारत होती, आणि मी ओ देत होतो.

टेबल साबणानं धुतलं, टर्पेंटाइननं पुसलं, वाळवून घासलं आणि प्रायमरपासून सुरुवात केली. या वेळी कापड वापरलं. रंगाचे पातळ हात दिले, मधे मधे घासलं. खळगा एकही पडला नाही. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर कोरडं लागलं. मी लगेच टेबल उचलून व्हरांड्यात आणलं आणि पत्ते समोर ठेवले.

तिनं पत्त्यांना हात लावला नाही. "डब्यावर काय लिहिलंय?"

"वरून वाळला तरी आतून कडक व्हायला महिना द्या."

"मग?"

"महिन्यानं तुझे हात..."

"महिन्यानं जास्त थरथरतील," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे. पण आज कच्च्या रंगाला पत्ते चिकटले तर तू पुन्हा घासायला बसशील, आणि माझा आणखी महिना जाईल. आत ठेव ते."

मागच्या खोलीत खिडक्या लावून टेबल ठेवलं. रोज सकाळी मी आत जाऊन कोपऱ्यावर नख दाबून बघायचो. बाहेरून डल्सी विचारायची, "पोलिसांसाठी ठसे ठेवतोयस का?" तेवढ्या दिवसांत तिचा उजवा हात बराच बिघडला. ती डाव्या हातानं चमचा धरायला शिकली.

महिना भरल्यावर टेबल बाहेर आणलं. डल्सीनं डाव्या हाताच्या बोटानं इस्पिकचा राजा ढकलला. तो गेला, जातच राहिला, आणि पलीकडच्या कडेवरून खाली पडला.

"जास्तच गुळगुळीत झालं," मी म्हणालो.

"कडेला पट्टी ठोक," ती म्हणाली आणि दुसरा पत्ता सरकवला. त्याच दुपारी चहा सांडला. तिनं तो स्वतः पुसला. डाग राहिला नाही.

पट्टी मी वाकडी ठोकली. तिला ते रोज दिसायचं आणि ती रोज सांगायची. खेळताना ती खालचा पत्ता गुपचूप वर सरकवायची, ते मला दिसायचं, पण मी सांगायचो नाही. पुढचा सगळा हिवाळा ती खेळली. त्यानंतर बोट हलेना, तेव्हा ती डोळ्यांनी दाखवायची आणि मी सरकवायचो, बहुतेक चुकीचा.

डल्सी रोंडाच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका बुधवारी सकाळी वारली.