झिपऱ्याच्या गळ्यातली घंटी

छुन्न.

दुपारचं घर निजल्यासारखं शांत होतं. कोकिळा ओसरी झाडत होती. तिच्या फड्याचा दांडा भिंतीवरच्या खिळ्याला लागला आणि मी वाजले. पाळण्यातलं बाळ दचकलं. खाली दाराशी झिपऱ्या पडला होता. त्याने मान वर केली नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची घंटी आहे. पूर्वी मी बैलाच्या गळ्यात होते. कोकिळाचे सासरे मारोतराव यांनी मला वणीच्या बाजारात कानाजवळ वाजवून पाहिलं आणि मगच घेतलं. पोळ्याला ते मला चिंचेने घासून सोन्यासारखी करत. पुढे घरी ट्रॅक्टर आला, बैल गेला, आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर काळी पडत राहिले. वाजायला कुणीतरी हलावं लागतं. मला हलवणारं कुणी उरलं नव्हतं.

मग कोकिळाचा नवरा कपिल एक पिल्लू घेऊन आला. कान एवढे लांब आणि केसाळ, की दूध पिताना तेच आधी वाटीत बुडायचे. कपिलच्या मुलीने, समीक्षाने, त्याचं नाव झिपऱ्या ठेवलं. घरापुढच्या रस्त्याने दिवसभर कोळशाचे ट्रक धावतात. पिल्लू कुठे आहे ते कळत राहावं म्हणून मारोतरावांनी मला लाल दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधलं. मी पुन्हा चमकू लागले.

ते दिवस फार चांगले होते. समीक्षा शाळेतून आली की फाटकातूनच हाक मारायची, आणि झिपऱ्या मला वाजवत असा धावायचा की मागचे पाय पुढच्यांच्या आधी पोचायचे. शेतावर गेलं की मोटारीच्या पाण्याखाली दोघांची अंघोळ. समीक्षाचं डोकं तिची आई पदराने खसाखसा पुसायची. झिपऱ्याचे कान मात्र तसेच ओले राहायचे. जड, मिटलेले, आतून दमट. कुत्रं आपोआप वाळतं, असंच सगळे समजत.

पावसाळ्याच्या शेवटी मी जरा जास्तच वाजू लागले. झिपऱ्या मान झटकायचा, थांबायचा, पुन्हा झटकायचा. मागच्या पायाने कान खाजवता खाजवता बारीक कण्हायचा. माझ्या आवाजात ते कण्हणं बुडून जायचं. शेजारचे लखीराम ओसरीवर चहा प्यायला बसले की हसायचे. "मारोतराव, तुमचा कुत्रा नाचून राह्यला. पोळ्यात घेऊन चला याले."

मारोतराव म्हणायचे, "त्याले घंटीची हौसच हाय."

मित्रांनो, मला तेव्हा माझं कौतुक वाटलं. आपल्याला वाजवणाऱ्याला काही होत असेल, असं मनातच आलं नाही.

त्याच सुमारास कोकिळाला बाळ झालं. रात्ररात्र जागून ती वाळली होती. दुपारी कुठे बाळाचा डोळा लागावा, की मी वाजायचे. एकदा तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाळाले निजूच देत नाही हे घंटी." घरात वेचणीचा कापूस पडलेला होता. त्यातला मऊसा बोळा तिने माझ्या पोटात कोंबला. झिपऱ्या मान झटकत राहिला, मी आतल्या आत हलत राहिले, आणि घरात कुणाला काही ऐकू आलं नाही. बाळ झोपलं. त्याच्याजवळ बसल्या बसल्या तीही झोपली. तिचा राग मला कधीच आला नाही.

पुढे झिपऱ्याच्या कानांना घाण वास येऊ लागला. मारोतरावांनी जवसाच्या तेलात लसूण तळला, तेल कोमट केलं, घरच्याच कापसाचे बोळे त्यात भिजवले आणि दोन्ही कानांत घातले. कपिल लहान असताना त्याचा कान ते असाच बरा करायचे. झिपऱ्या त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून निमूट पडला. नंतर बोळे दिसेनात. ते गळून पडले असतील, असं सगळ्यांना वाटलं.

ते आत सरकले होते.

झिपऱ्याची मान एका बाजूला कलली. तो जागच्या जागी गोल फिरून पडला, तेव्हा कपिलने आणि मारोतरावांनी त्याला मारेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्याने काळे पडलेले बोळे बाहेर काढले. विचारलं, कापूस कुणी घातला?

मारोतराव आपल्या हातांकडे पाहत म्हणाले, "म्या. लेकराच्या कानात घालतो तसाच घातला, साहेब."

डॉक्टर रागावले नाहीत. अंघोळीनंतर लोंबते कान मऊ फडक्याने वरवर कोरडे करावेत, आठवड्यातून एकदा उचलून आत पाहावं, लाली, वास किंवा घाण दिसली तर तेल, काडी, कापूस काहीही न घालता लगेच घेऊन यावं, एवढंच त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, पडदे गेले आहेत आणि आजार आतवर पोचला आहे. औषधाने पू थांबेल. ऐकू येणार नाही.

पू थांबला. आता झिपऱ्या साखळीला असतो, कारण ट्रकचा भोंगा त्याला कळत नाही. गळ्यात पट्टा आला, म्हणून मी खिळ्यावर आले. कोकिळा रोज त्याचे कान फडक्याने टिपते. मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा लांब कानांचा जीव असेल, तर हे टिपणं आजच सुरू करा. इथे ते आता कशाच्याच कामाचं नाही.

त्या दुपारी माझा आवाज ऐकून समीक्षा आली. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि पोटात सैल होऊन अडकलेला कापूस बोटाने ओढून बाहेर टाकला. झिपऱ्याच्या कानापाशी नेऊन ती मला वाजवत राहिली. तो तिचा हात चाटत राहिला.

"मम्मी, याचे कान एवढे दुखत होते," ती म्हणाली, "तं यानं आपल्याले सांगतलं काहून नाही?"

कोकिळाने जमिनीवरचा कापसाचा बोळा उचलला आणि मुठीत घट्ट धरला.