बाबांची कॅप्सूल

बाबा दोन जिने चढले की पायरीवरच बसायचे. श्वासावाटे ओढायचं औषध दोन महिने चालू होतं, पण फरक शून्य. डॉक्टर म्हणाले होते, "सोमवारी बघू, नाहीतर घरी ऑक्सिजन लावावा लागेल."

त्यात मी त्याच कामातली, बाबांची कॅप्सूलही आमच्याच कारखान्यातली. तिथे औषधाची पूड नळकांड्यातून नीट वाहते का, ते मी तपासते. साखरेच्या जाड कणांना औषधाचे बारीक कण चिकटवलेले असतात. श्वासाबरोबर ते सुटायला हवेत, सुटले तरच फुप्फुसात पोचणार. जरा दमट हवा लागली की सगळं एकमेकांना धरून बसतं. बरणीचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तरी मी हाताखालच्यांना फाडून खाते.

रविवारी मी बाबांकडे गेले आणि त्यांच्यासमोर ठाण मांडून बसले. "तुम्ही नीट ओढतच नाही. करा बघू माझ्यासमोर."

त्यांनी औषध ओढायच्या छोट्या यंत्रात कॅप्सूल घातली, बटण दाबून टोचली, जीव खाऊन ओढलं. मी कॅप्सूल काढून उघडली, तर अर्धी पूड आतच चिकटलेली!

"आमच्या लोकांना सोडत नाही आता!" मी कडाडले.

बाबांनी पूड चिमटीत घेतली. चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेला माणूस. "दमट झालंय," ते हळूच म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले. खिडकीत, मोरीच्या दाराशेजारी, सात कप्प्यांचा डबा होता. फॉइल सोलता येत नाही म्हणाले म्हणून दर रविवारी आठवडाभराच्या कॅप्सूल सोलून मीच त्यात भरत होते. मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"झाले असतील पंधरा दिवस."

"आणि गप्प बसलात? जीव जात होता तुमचा!"

"डबा भरायला म्हणून तू तासभर बसतेस गं," बाबा म्हणाले. "नाहीतर दारातूनच 'बरंय ना?' विचारून पळतेस."

मी खूप भांडले, रडलेही. मग नवी कॅप्सूल सोलून दिली. यंत्रात ती भिर्रर्र फिरली आणि रिकामी झाली. सोमवारी डॉक्टरांनी आठवडाभर थांबू म्हटलं. पुढच्या सोमवारी ऑक्सिजनचं नावही काढलं नाही.

डबा मी फेकून दिला. आता रोज सकाळी कामावर जाण्याआधी बाबांकडे जाते, कॅप्सूल सोलून देते, चहा घेते.

परवा जरा लवकर पोचले. दार उघडंच होतं. बाबा रक्तदाबाच्या गोळीची फॉइल एका झटक्यात फाडत होते. मला बघताच त्यांनी कॅप्सूलची पट्टी पुढे केली.

"बोटं साथ देत नाहीत गं."

"द्या इकडे," मी म्हटलं आणि चपला काढून आत आले.